एक हाय, हुडक

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळावर होते. लातुरात राहणाऱ्याला यापुढं काही सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि आला की तासाभरात जातो. तेवढ्यात पिंपं, बादल्या, हंडे, अगदी चहाची पातेलीसुद्धा भरून घ्यायची असतात. माणूस मेलं तरी नळ सोडता येत नाही, असं आम्ही बायका चेष्टेनं म्हणतो. त्या सकाळी ती चेष्टा माझ्या अंगावर आली. माझ्या मुलीनं, मीनानं, फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून सरांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "शोभा, तुझे सर गेले गं." मी "हाव" म्हणाले आणि हातातली नळी एका पिंपातून दुसऱ्या पिंपात टाकली. दोन पिंपं राहिली होती, ती दोन्ही भरली. झाकणं लावली, नळी गुंडाळून ठेवली आणि मग पायरीवर बसले. मीना म्हणाली, "आई, रडत का नाहीस?" रडू येत नव्हतं, राग येत होता. चाळीस वर्षं मला सरांना एक वाक्य सांगायचं होतं, आणि ते ऐकायच्या आधीच हा माणूस निघून गेला होता. खरं म्हणजे ऐकायला ते चाळीस वर्षं तयारच होते. मीच बोलत नव्हते... पण राग काही असा हिशेबानं येत नाही.

आम्हा लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात आणि समाधीही बसलेल्यालाच देतात. मी पोचले तेव्हा बसवंत सर अंगणात खुर्चीत बसलेले होते. कपाळाला भस्म, गळ्यात हार, आणि वर्गातला गलका थांबायची वाट बघावी तसा तो चेहरा. डोळ्यांवर चष्मा नव्हता. नाकावर दोन्ही बाजूंना चष्म्यानं पाडलेल्या दोन खळग्या तेवढ्या दिसत होत्या. कानाशी वाकून आता तरी सांगावं असं वाटलं, पण आजूबाजूला माणसं, कुणीतरी "पुढं सरका" म्हणत होतं. मी बेलाचं पान वाहिलं आणि मागं सरकले. महिना झाला या गोष्टीला. तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही. भांडं घासायला घेते, अर्धवट टाकते, गच्चीवर जाते, का गेले ते विसरून खाली येते. म्हणून म्हटलं, लिहून तरी बघावं.

सर मूळचे उदगीरचे. घरचं किराणा दुकान होतं, चांगलं चालणारं. थोरल्या मुलानं गादीवर बसायचं सोडून इंग्रजी शिकवायला मुखेडला जावं, हे घरच्यांना वेडेपणाचं वाटलं. आम्हालाही वाटलं. मुखेडला तेव्हा इंग्रजीची गरज होती कुणाला? एसटीची पाटी मराठीत, बाजार मराठीत, शिव्या मराठी, कानडी, उर्दू, ज्याला जी जमेल त्या भाषेत. मी जवळच्या खेड्यातून चालत शाळेला यायची. नववीत सर पहिल्यांदा वर्गावर आले आणि फळ्यावर काही न लिहिता त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी इष्टलिंगाची पूजा कोण करतंय?" वर्गात निम्मी लिंगायतांचीच पोरं. एकजण म्हणाला, आजी. दुसरा म्हणाला, सगळेच. "मंग आज्जीनं तुमची बी पूजा उरकून टाकली तर चालतंय का?" सगळे ओरडलो, "न्हाई सर!" का, तर ज्याचं त्याच्या तळहातावर, दुसऱ्याचा हात मध्ये यायचा नाही. बाकीच्या निम्म्या वर्गाकडं वळून सर म्हणाले, "आन तुम्ही सांगा, आपण मेल्याबिगर काय दिसत न्हाई?" "स्वर्ग!" "आता कसं बोललात. दुसरा मेला तर आपल्याला दिसतोय का? तर मंग, जे काम करणाऱ्यावरच परत येतंय, तिथं इंग्रजीत शेवटी एक शब्द लागतोय." आणि मग फळ्यावर आलं मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ. इतकी वर्षं झाली, पण ती रांग मला अजून त्यांच्या अक्षरातच दिसते.

त्यांचा एक नियम होता. रोज पहिल्या तासाला प्रत्येकानं उभं राहून एक वाक्य म्हणायचं, शेवट मायसेल्फनं करायचा. आणि वाक्य खरं पाहिजे. त्या किंवा आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं केलेल्या कामाचं. व्याकरण चुकलं तर सर हसून सोडून देत, पण खोटं बोललेलं चालत नसे. एकीनं सांगितलं, मी भाकरी स्वतः केली. सर म्हणाले, "हात दाखव." हाताला ना पीठ ना चटका. तिला आठ दिवस वाक्य म्हणायला मिळालं नाही आणि ती आठही दिवस रडली. शिक्षा म्हणून कुणी गप्प बसवलेलं माणूस एवढं रडतं, हे मला तेव्हा कळलं. माझी फजिती वेगळीच. तपासणीला साहेब आले, माझ्याकडं बोट करून इंग्रजीत नाव विचारलं, आणि मी ताठ उभी राहून म्हणाले, "मायसेल्फ शोभा!" साहेबांना ते बरोबरच वाटलं, त्यांनी मान डोलावली. सरांचा चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा झाला. साहेब गेल्यावर म्हणाले, "शोभे, तुझं नाव तू सवताच ठिवलंस का गं? बारशाला तू तर पाळण्यात व्हतीस." पुढं जन्मभर सर या एका गोष्टीशी भांडले आणि हरले. आजही लातुरात जिकडं जाल तिकडं पोरं छाती काढून मायसेल्फ अमुक, मायसेल्फ तमुक म्हणतात. पालथ्या घड्यावर पाणी.

मग दुष्काळ आला. पाऊस नाही, विहिरी आटल्या, दावणीची जनावरं बाजारात कवडीमोलानं गेली. खडी फोडायच्या कामावर आई जायला लागली आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर मीही. वर्गातली सगळी वाक्यं पाण्याची झाली. आय ड्रू वन पॉट ऑफ वॉटर मायसेल्फ. एक घागर, अर्धी घागर, वाटी. कुणाचं वाक्य मोठं यावरनं आधी चढाओढ असायची, त्या वर्षी कुणाची घागर मोठी यावर आली. एका सोमवारी मी उभी राहून म्हणाले, आय ब्रोक स्टोन्स मायसेल्फ. सर जवळ आले. "हात दाखव," म्हणाले नाहीत, पण मी सवयीनं पुढं केलेच. त्यांनी तळहात बघितले, फुटलेले फोड बघितले, आणि जाऊन ते वाक्य फळ्यावर लिहिलं, दिवसभर पुसलं नाही. आम्हाला एक मुभा होती, सरांनाही त्यांचं वाक्य विचारायची. त्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "सर, तुमचं?" सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "आज माझं वाक्य न्हाई. पाणी बायकोनं आणलं, मी त्यानं तोंड धुतलं." आणि खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गावच्या वाटेवरच्या विहिरीवर बायकांच्या रांगेत धोतर खोचलेले सर घागर घेऊन उभे असायचे. बायका लाजून मरायच्या. "सर, तुम्ही व्हा की म्होरं," म्हणायच्या. सर हलायचे नाहीत.

मी मॅट्रिक झाले आणि देवणीकडं माझं लग्न करून दिलं. गायीगुरांचं घर. देवणी गायी दारात, त्यांना घरात माणसांपेक्षा जास्त मान, आणि गायींनी तो मिळवलेलाही होता, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवऱ्याबद्दल आहे, पण ती थोडक्यात सांगते. पाच वर्षांनी त्यानं दुसरी बाई घरात आणली आणि मी तीन वर्षांच्या मीनाला घेऊन मुखेडला भावाकडं आले. दादा चांगला होता. वहिनी वाईट नव्हती, फक्त जेवताना भाकरीची टोपली माझ्यापासून थोडी लांब सरकवायची. रोज थोडी. ती टोपली माझ्या हातापासून किती लांब गेली, एवढंच मी जेवताना बघायची. अशात लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, भाड्याच्या इमारतींवर ओल्या रंगाच्या पाट्या, आणि सगळ्या भागाला वाटायला लागलं की आता आपलं काहीतरी होणार. एका नव्या कार्यालयात लिपिकांच्या जागा निघाल्या. अर्ज इंग्रजीत, स्वतःच्या हस्ताक्षरात, शेवटच्या दिवशी पाचच्या आत समक्ष नेऊन द्यायचा. मला ते कळलं तेव्हा शेवटच्या दिवसाला एकच दिवस बाकी होता.

सर तोवर लातूरच्या शाळेत आले होते. त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली एक लाकडी बाक होता आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. जिल्हा झाल्यापासून त्या बाकावर अर्जवाल्यांची गर्दी. लोक यायचे, सर लिहून द्या म्हणायचे. सर कुणाला एक ओळ लिहून देत नसत. "बस, लिही," म्हणायचे. लिहून दाखवलं की वाचायचे आणि फक्त आकडा सांगायचे. "सात हायत. हुडक." चूक कुठं ते सांगायचे नाहीत. माणूस हुडकायचा, दुरुस्त करायचा, परत दाखवायचा. "तीन हायत. हुडक." काहीजण चिडून निघून जायचे. बाहेर चौकात पैसे घेऊन अर्ज लिहून देणारे बसलेलेच होते. पण जे टिकायचे, त्यांना पुढं कुणाची गरज लागायची नाही, असं लोक म्हणत.

मी मीनाला वहिनीजवळ ठेवून पहाटेच्या एसटीनं निघाले आणि उन्हं तापल्यावर सरांच्या दारात उभी राहिले. काकूंनी आधी जेवायला घातलं. मी म्हणाले, "सर, आजचा दिवस तुम्ही लिहून द्या, मी उतरून काढते. पाचला खिडकी बंद हुती." सर म्हणाले, "न्हाई." एवढंच. भांडायला वेळ नव्हता, बाकावर बसले. पहिल्या कागदावर नऊ निघाल्या. दुसऱ्यावर चार. मग मी स्वच्छ कागदावर शाईनं उतरवला आणि दिला. सरांनी तो हातात धरला, मग हात लांब केला, मग दाराजवळ उजेडात गेले आणि डोळे बारीक करून बघायला लागले. मी ते बघत होते. मला ते दिसत होतं... हे वाक्य लक्षात ठेवा. सर परत आले आणि म्हणाले, "एक हाय. हुडक."

मी हुडकलं. वरून खाली वाचलं. त्यांनीच शिकवलं होतं तसं शेवटच्या शब्दापासून उलटं वाचलं. काही सापडेना. परत वाचलं. आतून काकू म्हणाल्या, "आवं, सोडा की त्या लेकराला." सर म्हणाले, "चुकीचा अर्ज घिऊन गेली तर फेकून देतेत. मंग काय करायचं?" मी म्हणाले, "सर, न्हाई सापडत." ते म्हणाले, "सापडतंय. हुडक." घड्याळात साडेचार झाले. माझ्या कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून मी मान मागं घेऊन वाचत होते. पाचला दहा कमी असताना मी उठले आणि पळत सुटले. चप्पल रस्त्यात तुटली, ती तिथंच टाकली. पोचले तेव्हा खिडकीची फळी आतून ओढत होते. मी फळीला हात घातला. आतला माणूस म्हणाला, "बाई, हात काढा, चेंगरंल." मी म्हणाले, "उद्या चालंल का?" तो म्हणाला, "न्हाई." त्यानं आवाज चढवला नव्हता, हेच मला जास्त लागलं. मी परत सरांच्या अंगणात आले, कागद त्यांच्या पायापुढं टाकला आणि काकू "अगं थांब, चप्पल तरी घाल" म्हणत असताना अनवाणी स्टँडवर गेले.

आठवड्यानं, बाजाराच्या दिवशी, सर मुखेडला आले. दारात उभे राहिले तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही, कारण डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता. दादानं सतरंजी टाकली. सरांनी खिशातून माझा अर्ज काढला आणि सतरंजीवर माझ्यापुढं ठेवला. "शोभा, ह्याच्यात चूक न्हाई. एक बी न्हाई. शेवटच्या ओळीत पेनाचा ठिपका पडलाय, मला त्यो अक्षर वाटला. दोन वर्षं झाली, जवळचं दिसत न्हाई मला. कुणाला बोललो न्हाई. मास्तरला दिसत न्हाई म्हणायला जीभ उचलत नव्हती." मग म्हणाले, "चूक माझी हाय." अख्ख्या तालुक्याला आकडे सांगणारा माणूस माझ्या भावाच्या ओसरीवर बसून हे म्हणत होता आणि मला त्याची दया आली नाही. मी म्हणाले, "मंग आता काय करू ह्या कागदाचं? लोणचं घालू?" दादा ओरडला, "शोभे!" सरांनी त्याला हातानं थांबवलं. मग माझ्याकडं बघून, अगदी वर्गातल्या आवाजात, त्यांनी विचारलं, "एक इचारू? चूक न्हाई, हे तुला दिसत व्हतं का न्हाई?" मी सतरंजीची दशी ओढत राहिले. "दिसत व्हतं तर मंग उठून गेली का न्हाईस?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. माफी मागायला आलेला माणूस वर मलाच जाब विचारतो! मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, "तुम्ही सर हायत. तुम्ही म्हणलात एक हाय. मी कोण व्हते न्हाई म्हणणारी?" सरांनी मान हलवली. "हाव," म्हणाले, "तसं बी हाय." मी आत गेले आणि कडी लावून घेतली. वहिनीनं केलेला चहा त्यांनी घेतला नाही. कागद घडी करून परत खिशात घातला आणि पुढच्या एसटीनं गेले. ही गोष्ट मी नंतर शेकडो लोकांना सांगितली, कचेरीत, लग्नात, मीनाला तर कितीदा. सरांना दिसत नव्हतं आणि माझी नोकरी गेली, अशी. सतरंजीवर बसून त्यांनी विचारलेला शेवटचा प्रश्न मी त्यातून दरवेळी गाळला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसतं, तसं.

पुढच्या वर्षी परत जागा निघाल्या. मी मुखेडलाच बसून अर्ज लिहिला, कुणाला दाखवला नाही. लिहून झाल्यावर कानात आवाज आला, एक हाय, हुडक. मी दोनदा वाचला. काही नव्हतं. मग उठले आणि जाऊन दिला. नोकरी लागली, मीनाला घेऊन लातूरला आले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. टोपली माझी, भाकरी माझी. म्हणजे त्यांनी विचारलं होतं तेच मी शेवटी केलं होतं. एवढंच जाऊन सांगायचं होतं, "सर, मला दिसत होतं. त्या दिवशीही दिसत होतं. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, तो दोष तुमचा एकट्याचा नव्हता." सरांचं घर माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. दर दिवाळीला मी जायची. सर मीनाकडून एक वाक्य म्हणून घ्यायचे, तिचे हात बघायचे. मला विचारायचे, "बरं हाय ना?" मी म्हणायची, "बरं हाय." काकूंच्या करंज्या खायच्या आणि निघायची. एकदा मी फाटकाशी आले तेव्हा बाकावर एक मुलगी बसलेली होती आणि सर तिला म्हणत होते, "मला वाटतंय एक हाय. तुला काय वाटतंय?" मी तिथंच थबकले. काकूंना हळूच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुला भेटून मुखेडवरनं आल्यापास्नं असंच इचारतेत, सगळ्यांना." त्या मुलीनं धीटपणानं सांगितलं, "न्हाई सर, मला वाटतंय काईच न्हाई." सर हसले आणि म्हणाले, "मंग जा की." त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. माझ्यामुळं त्या माणसानं आपली जन्माची रीत मोडली होती, आणि मी फाटकाशी पदराशी चाळा करत उभी होते.

त्यांची शेवटची भेट झाली ती उन्हाळ्यात. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. सरांच्या सूनबाई चमच्यानं दहीभात भरवायला बसल्या, तर सरांनी तोंड फिरवलं आणि डाव्या हातानं चमचा ओढून घेतला. निम्मा भात छातीवर सांडला, पण घास स्वतःच घेतला. जेवण झाल्यावर त्यांनी डाव्याच हातानं चष्मा काढला आणि माझ्यापुढं धरला. काचेवर दह्याचा शिंतोडा उडाला होता. त्या दुष्काळापासून ज्यांनी कुणाला आपली घागर उचलू दिली नाही, ते मला चष्मा पुसायला देत होते. मी पदरानं पुसला, त्यांच्या नाकावर ठेवला, काड्या कानांमागं अडकवल्या. ते माझ्याकडं बघत राहिले. आता सांग, आता... आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "सर, ऊन लई हाय यंदा." सूनबाई म्हणाल्या, हो ना. आणि ती भेट संपली.

परवा काकूंना भेटायला गेले. बाकाच्या जागी गाडी लावायची असं घरात चाललंय, काकू हलू देत नाहीत. त्या आतून दोन वस्तू घेऊन आल्या. एक चष्मा, आणि दुसरा तो अर्ज, घडीवर पिवळा पडलेला. "तुझा हाय म्हणून ठिवला व्हता त्यांनी," म्हणाल्या. मी माझा चष्मा घरी विसरले होते. कागद हातात धरला, अक्षरं हलायला लागली. हात लांब केला. मग उजेडाकडं वळले... आणि मी काय करतेय ते माझ्या लक्षात आलं. सरांचा चष्मा उघडून घातला. अर्ज वरून खाली वाचला, मग शेवटापासून उलटा. शेवटच्या ओळीत तो पेनाचा ठिपका. बाकी काही नाही.

मी वर्गात उभी राहायची तशी बाकाशी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मला दिसत व्हतं." काकूंना ऐकू कमी येतं. "काय म्हणलीस?" मी मोठ्यानं म्हणाले, "काकू, मला तवाच दिसत व्हतं. चूक नव्हती, हे मला ठाऊक व्हतं." काकूंनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "दर दिवाळीला तू फाटकाबाहीर गेलीस की इचारायचे, शोभी काय म्हणली का? मी म्हणायची, काई न्हाई, करंज्या चांगल्या झाल्यात म्हणली." आणि त्या पायरी धरत धरत आत गेल्या. मी बाकावर बसले. चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागले. काचा स्वच्छच होत्या, तरी पुसत राहिले.